रोमचा घोडेस्वार आमच्या देवघरात

माझ्याकडे एकेकाळी सात रोमन नाणी होती, सातही प्राण्यांची. त्यांतल्या दोन नाण्यांवर नक्की कोणता प्राणी आहे हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता तर चष्म्याचा नंबर असा आहे की विचारूच नका. एकावर डुक्कर आहे असं मी म्हणायची. घाटकोपरचे काका म्हणायचे, तो पाणघोडा आहे. दोघं एकाच भिंगातून एकच नाणं बघायचो, तरी आमचं जमायचं नाही. शेवटी काका हात जोडून म्हणायचे, "बेन, जनावर तुझा, राजा माझा. राजात चूक नाय झाली पाहिजे."

हे काका म्हणजे एक निवृत्त गुजराती गृहस्थ. जुनी नाणी जमवायचा त्यांना नाद होता. नाणी ढीगभर आणि अक्षर असं की स्वतःचं लिहिलेलं स्वतःला लागत नसे. मी मुलुंडला एका ऑफिसात टायपिस्ट होते. ऑफिसातल्याच कुणाच्या ओळखीनं दर रविवारी सकाळी दोन तास काकांकडे जायला लागले. प्रत्येक नाण्याचं एक कार्ड टाइप करायचं. धातू, वजन, पुढची बाजू, मागची बाजू, अवस्था. काका सांगायचे, मी बडवायची. त्याबद्दल महिन्याकाठी एक झिजलेलं नाणं मला मिळायचं, माझ्या आवडीचं. राजांची तोंडं मला सगळी आमच्या हेडक्लार्कसारखीच दिसायची, नाक पुढे आणि हनुवटी मागे. म्हणून मी प्राणी घ्यायची.

पोरांना दूध पाजणारी लांडगीण पहिली. मग गरुड, हरीण, बकरी, पंखवाला घोडा, तो वादग्रस्त पाणघोडा आणि एक चित्ता, जो मांजरही असू शकेल. एका जुन्या मिसळणाच्या डब्यात मी ती ठेवायची, एका वाटीत एक. डब्यात वाट्या सात. सातवी भरली तेव्हा माझा संग्रह पूर्ण झाला असं मी ऑफिसात जाहीर करून टाकलं. रोमन साम्राज्यात प्राणी किती होते हे आमच्या मिसळणाच्या डब्यानं ठरवलं होतं. पण "मी रोमन नाणी जमवते" असं मी अशा थाटात म्हणायची, की बाकीच्या टायपिस्ट जणू कांदेच जमवत होत्या. इतकी शहाणी मुलगी मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

घरात या शहाणपणाला काही किंमत नव्हती. आमचे हे विक्रोळीला कारखान्यात होते, शिफ्ट संपवून येत आणि डबा बघून म्हणत, "घरात पाली काय कमी आहेत?" आणि सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायची, त्या काहीच म्हणत नसत. लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत आत्यांनी माझ्या कुठल्याही कामाला वाईट म्हटलं नव्हतं आणि चांगलंही नाही. भाकरी फुगली तरी गप्प, फाटली तरी गप्प. ओरडणारी सासू असती तर निदान मी कुठे आहे ते कळलं असतं.

आत्यांचं एकच दुखणं होतं आणि ते सगळ्या घराला माहीत होतं. आम्ही साताऱ्याकडचे. आमच्याकडे देवघरात कुळदेवांचे टाक असतात, चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून काढलेली देवांची चित्रं, रुपयाएवढी नाहीतर त्याहून लहान. वाटण्या झाल्या तेव्हा टाक गावी थोरल्या दिरांकडे राहिले. रीतच तशी. धाकट्यानं नवे करून घ्यायचे. पण आमच्याकडे नवे करायचं या ना त्या कारणानं राहून गेलं होतं आणि आत्या मुलुंडच्या दोन खोल्यांत खंडोबा म्हणून एक सुपारी पूजत होत्या. मार्गशीर्षात खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र बसलं की त्या सुपारीला आंघोळ घालता घालता म्हणायच्या, "बस बाबा, ह्या साली बी सुपारीतच बस." हे ऐकून आमचे हे पेपर तोंडापुढे धरायचे आणि मी गॅस बारीक-मोठा करायची.

तर अशाच एका मार्गशीर्षाच्या तोंडावर, रविवारी, काकांनी माझ्या तळहातावर एक चांदीचं नाणं ठेवलं. त्यावर घोडा चौखूर उधळलेला, वर स्वार, हातात फांदीसारखं काहीतरी. मागच्या बाजूला लांब केसांचं एक तोंड. दोन हजार वर्षांचं. काळपट, नखाएवढं म्हणा, पण जिवंत. कार्डावर चित्र हवं होतं आणि फोटोत ते उठत नव्हतं. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की छाप उमटतो, ते काम मला चांगलं जमायचं. पण काकांकडे उजेड नव्हता, आणि पाहुणे यायचे होते. "घरी घेऊन जा," ते म्हणाले. "आजपर्यंत कोणाला दिला नाय. रविवारे परत." मग जिन्यापर्यंत येऊन पुन्हा म्हणाले, "हात लावजे, पण घासजे नाय हां. काळा रंग हाय ने, तेच त्याचा वय."

मी अगदी जबाबदारीनं वागले. नाणं सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळलं, कारण मंगळसूत्र ओवून आणलं होतं त्याचा कागद घरात होता. आणि घरात जिथे कुणी उगाच हात घालत नाही अशी एकच जागा होती, तिथे ठेवलं. देवघराच्या फळीवर. हे मला सुचलं याचं मला रात्री झोपेपर्यंत कौतुक वाटत होतं.

सोमवारी सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर आत्या देवापुढे बसलेल्या. गुलाबी कागद उलगडून मांडीवर, तळहातावर घोडेस्वार. डोळे मिटलेले. मी तिथेच थांबले. ओल्या केसांतलं पाणी पाठीवरून खाली जात होतं ते आठवतं, कारण दुसरं काही डोक्यात शिरतच नव्हतं.

आत्यांनी डोळे उघडले. "बोलली न्हाईस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आज नवरात बसायचं, आन् आज टाक आणून ठिवलास. आन् बोलली न्हाईस."

आता इथे सरळ सांगायचं, आत्या, तो टाक नाही, ते नाणं आहे, माझं नाही, परत करायचंय. चार वाक्यं. मी टायपिस्ट, मिनिटाला चाळीस शब्द. पण आत्या माझ्याकडे बघत होत्या, आणि चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी म्हणाले, "हो." कशाला हो, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांनी बाजूला सरकून मला जवळ बसवलं. "मागं ही कोन? म्हाळसा?"

"असेल," मी म्हणाले.

"केस केवढं काढल्यात बग. आन् घोड्याच्या पायाखाली ह्यो कुत्रा." घोड्याखाली रोमन अक्षरं होती. "देवाच्या अंगावर कपडं मातूर न्हाईत गं."

"झिजले असतील."

"व्हय, जुना हाय. जुनाच चांगला. नव्यात काय राम नस्तो." आणि त्यांनी त्याला पंचामृतात सोडलं.

दही, दूध, तूप, मध, साखर. मी बघत होते. मग रांगोळीची चिमूट घेऊन, चांदीचे देव घासतात तसं, अंगठ्यानं गोल गोल. काळा रंग त्यांच्या अंगठ्यावर आला आणि पाण्यानं वाहून गेला. काका म्हणाले होते तेच त्याचं वय. मला वाटलं, अजून बोलावं. मग वाटलं, आता बोलून काय, रंग तर गेलाच. असं मी तेव्हा विचार करायची. म्हणजे विचार करत नसे, पण करते आहे असं वाटायचं.

संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या सगळ्या बायका दर्शनाला येऊन गेल्या. आत्या प्रत्येकीला सांगत होत्या, "माज्या सुनंनं आनला. पोटच्या पोराला सुचलं न्हाई." 'माझी सून' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. आमचे हे कामावरून आले, देवघरात डोकावले आणि मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "हे ते घाटकोपरचं नाणं नाही ना?"

"आहे."

"मग सांग की तिला."

"तुम्ही सांगा."

त्यांनी देवघराकडे बघितलं. आत भंडारा उधळलेला, आत्या गुणगुणत होत्या. "वाट लागली," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

मी हिशेब असा मांडला: रविवारी काकांचं नाणं परत जायला हवं, नाहीतर त्यांचा माझ्यावरचा विश्वास गेला. आणि आत्यांचा देव देवघरात राहायला हवा, नाहीतर 'माझी सून' गेली. म्हणजे दोन घोडेस्वार हवेत. मंगळवारी ऑफिसातून येताना पैंजण पिशवीत घालून मी सोनाराकडे गेले आणि म्हटलं, हे मोडा आणि यातून टाक करा, शनिवारपर्यंत.

"कुठला देव?" त्यानं विचारलं.

"घोड्यावरचा."

"ताई, घोड्यावर बरेच जण बसतात. खंडोबा, भैरोबा?"

"खंडोबा."

"म्हाळसा मागे बसलेली पाहिजे का? तलवार कुठल्या हातात? कुत्रा?"

रोमन सरदाराच्या हातातली फांदी मला डोळे मिटून काढता आली असती. माझ्या कुळदेवाच्या कुठल्या हातात तलवार असते हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "म्हाळसा मागच्या बाजूला. नुसतं तोंड. तलवारीच्या जागी फांदी चालेल." सोनारानं पेन्सिल खाली ठेवली. शेवटी रविवारी रात्रीच पेन्सिलनं काढून ठेवलेला नाण्याचा छाप मी रुमालातून काढून त्याला दिला. आकार बघून घ्या म्हटलं, बाकी तुम्ही देवासारखं करा.

ते सहा दिवस कसे गेले सांगू? सकाळी मी आत्यांच्या शेजारी बसून घोडेस्वाराला हात जोडायची. पहिल्या दिवशी ढोंग होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याला खरंच सांगत होते, मला यातून सोडव. कुणाला सांगत होते? रोमच्या देवाला, की साताऱ्याच्या? की ज्यानं तो साचा कोरला त्या कारागिराला? बसमध्ये मी ठरवायची की संध्याकाळी सांगून टाकायचं. घरी आले की आत्या म्हणायच्या, "पाय दुकत आसतील, बस जरा." मग बसायची.

शनिवारी चंपाषष्ठी. भरीत, रोडगे, भंडाऱ्याचं ताम्हन सगळ्यांनी मिळून उचलून तळी भरणं, सगळं झालं. दुपारनंतर आत्या मजल्यावर प्रसाद वाटायला गेल्या तेवढ्यात मी सोनाराकडून आणलेला टाक देवघरात ठेवला आणि नाणं उचललं. सोनारानं काम सुरेख केलं होतं. माझ्या मते हुबेहूब. नाणं पुसून गुलाबी कागदात ठेवलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी सकाळी मी साडी नेसून घाटकोपरला निघाले होते. चपलेत पाय घालतच होते.

"ह्यो कोन?" आतून आत्यांचा आवाज आला.

मी गेले. त्यांनी टाक हातात धरला नव्हता. ताम्हनात होता, आणि त्या लांबून बघत होत्या.

"कालपतूर देव घरात येत व्हता," त्या म्हणाल्या. "आज भाईर निगालाय."

मला कळेना. मी वाकून बघितलं. नाण्यावरचा घोडा उजवीकडे धावत होता, आमच्या देवघरात उजवीकडे खोल्या. सोनाराचा घोडा डावीकडे, दाराकडे. छाप बघून त्यानं साचा कोरला आणि ठोकल्यावर तो उलटा उठला. सहा दिवस मी त्या घोड्याकडे टक लावून बघत होते आणि तो कुठे चाललाय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी, प्राण्यांची नाणी जमवणारी.

"गुलाबी कागद दाव," आत्या म्हणाल्या. माझ्या पर्समधून तो बाहेर डोकावत होता.

मी सांगितलं. सोमवारची चार वाक्यं, रविवारी सांगायला पाऊण तास लागला, कारण मी पाणघोड्यापासून सुरुवात केली. आमचे हे मध्येच म्हणाले, "अगं, मुद्द्यावर ये," तर आत्या त्यांना म्हणाल्या, "तू गप. तुला म्हाईत व्हतं." मग मला म्हणाल्या, "म्या सा दीस सगळ्यांना सांगत व्हते. तू बाजूला बसून ऐकत व्हतीस."

"हो, आत्या."

"परक्याचा देव. आन् म्या त्येला आंगुळ घातली, निवद दावला. त्येला बी काय वाटलं आसंल?"

त्या उठल्या. मला वाटलं, झालं, आता बोलणार नाहीत, आणखी चार वर्षं. त्यांनी ताम्हनातला नवा टाक आणि माझ्या हातातलं नाणं दोन्ही पदराला बांधलं, भंडाऱ्याची पुडी आणि खोबऱ्याची वाटी पिशवीत घातली आणि चपला घातल्या. "चल. कुटं ऱ्हातो त्यो म्हातारा?"

आग्रा रोडच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि मी शेजारी. पूर्ण वेळ पदराची गाठ मुठीत. मी एकदा म्हटलं, "आत्या, काकांना मी सांगते." त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

काकांनी दार उघडलं, एका बाईऐवजी दोन बघून गडबडले. आत्यांनी आत येऊन टेबलापाशी गाठ सोडली आणि नाणं समोर ठेवलं. काकांनी ते उचललं. भिंग लावायची गरजच नव्हती. नाणं आरशासारखं चमकत होतं आणि त्या लांब केसांमध्ये हळद बसली होती.

"बेन," ते हळूच म्हणाले. "आ शुं कर्युं?"

माझं तोंड उघडलं, पण आधी आत्याच बोलल्या. "रागावू नगा. तिनं न्हाय, म्या घासला. मला वाटलं माजा हाय."

काका खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा मी आधी कधी असा बघितला नव्हता. ते ओरडले असते तरी चाललं असतं. ते नाणं नुसतं बोटांत फिरवत राहिले. त्यांनी ते कुणालाच दिलं नव्हतं, आणि दिलं तर मला.

"एक ताटली हाय का?" आत्यांनी विचारलं.

काकांनी भांबावून आतून स्टीलची डिश आणली. आत्यांनी कार्डं, पाकिटं बाजूला सारली, डिशमध्ये भंडारा पसरला, एका अंगाला नाणं ठेवलं, दुसऱ्या अंगाला सोनाराचा टाक. मग बोटानं टाक हळूहळू सरकवत नेला आणि नाण्याला टेकवला. आमच्याकडे नवे टाक जेजुरीला नेऊन देवाला भेटवतात, मग ते पूजेला चालतात. आत्या त्याला घाटकोपरला भेटवत होत्या. एक घोडा उजवीकडे चाललेला, एक डावीकडे, तोंडाला तोंड लागलं होतं.

"उचला," त्या काकांना म्हणाल्या. "तळी एकल्यानं उचलत न्हाईत."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी डिशला हात लावला. त्यांनीही लावला. आम्ही तिघांनी ती डिश तीनदा उचलली आणि ठेवली. आत्या जे म्हणत होत्या ते काका अर्धं अर्धं पुटपुटत होते. त्यांचा धर्म काय होता ते मी कधी विचारलं नव्हतं, आणि तेव्हा विचारायची वेळ नव्हती. आत्यांनी त्यांच्या कपाळाला भंडारा लावला, त्यांनी मान पुढे केली.

मग आत्यांनी नाणं पदरानं पुसून त्यांच्या हातात दिलं. "घ्या. आता नुसतं नानं हाय."

काकांनी भिंग उचललं. एक बाजू बघितली, दुसरी बघितली, पुन्हा पहिली. मला वाटतं त्यातून काय गेलं ते ते शोधत होते. रंग गेला होता तो दिसतच होता. दुसरं काही शोधत असतील तर मला माहीत नाही.

"कार्ड?" शेवटी मी विचारलं.

"लगाव," ते म्हणाले.

मी मशीनला कार्ड लावलं. धातू, वजन, दोन्ही बाजू. अवस्था या रकान्याशी आलो. काका थांबले. मी बोटं ठेवून बसले. मग ते म्हणाले, "खाली राख." रकाना रिकामा सोडून ते कार्ड तसंच ठेवलं. पुढच्या रविवारी येऊ का, हे मी विचारलं नाही. तेच म्हणाले, दहाला नको, अकराला ये, आणि मग, "पण चांदी आता इथेच बसून."

खाली रस्त्यावर आल्यावर मी धीर करून विचारलं, "आत्या, मजल्यावरच्या बायकांना काय सांगायचं?"

"काय सांगायचं म्हंजी?"

"म्हणजे हेच. की तो टाक नव्हता. मी आणला नव्हता."

आत्या थांबल्या, पदराची गाठ सोडून टाक बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो कुनी आनला?"

"मी."

"मग? सांगितल्यालं खरं झालं की. उशिरा झालं." आणि बसस्टॉपकडे चालायला लागल्या. मी मागून, मूठ मिटून. मला माफ केलं, की माझी जागा दाखवली, की दोन्ही, ते मी मुलुंड येईपर्यंत ठरवत होते. घरी आल्यावर आत्यांनी टाक देवघरात ठेवला, घोडा आत येताना दिसावा म्हणून देवघरच फिरवून दुसऱ्या भिंतीला लावलं, आणि मला म्हणाल्या, भाकऱ्या टाक.